आपल्या सेनादलांना हेलिकॉप्टरे कोणती हवीत?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय छापून आला, तेव्हा आमच्याच एका कामगार मित्राने आम्हांला रस्त्यात गाठले आणि विचारले, "अण्णा, बोनस आणि महागाई भत्ता सोडून तुम्ही हेलिकॉप्टरांवर कधीपासून बोलू लागलात?" प्रश्न रास्त आहे. आमची शाळा सातवीत सुटली. हाताला ग्रीस लागले ते तेव्हापासून. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या गेटबाहेरच्या सभांत. हेलिकॉप्टरात आम्ही कधी बसलो नाही. पाहिले, तेही बहुधा निवडणुकीच्या दिवसांत, पुढाऱ्यांना घेऊन मैदानात धूळ उडवीत उतरताना. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी म्हटले तर आम्ही भांडणार नाही. परंतु आमचे म्हणणे एवढेच, की ज्या वस्तूचे पैसे आपण देतो आणि जिच्यात आपल्याच घरची पोरे बसतात, तिच्याविषयी चार प्रश्न विचारण्याला पदवी लागत नाही.

आणि हा विषय केवळ दिल्लीचा आहे, असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात पावसाने जो कहर केला, तो आपण सर्वांनी भोगला आहे. त्या पुरात धाराशिव जिल्ह्यातील परांडा तालुक्यात पाण्याने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचलून काढावे लागले. ज्याच्या घराच्या छपरापर्यंत पाणी आले, त्या माणसाला आकाशातून येणारी ती घरघर कोणत्या कंपनीची, हे ठाऊक नसते. त्याला एवढेच हवे असते, की ते यंत्र वेळेवर यावे, त्याने आपल्याला उचलावे आणि उचलून नेताना ते पडू नये. सैनिकाची अपेक्षा याहून निराळी नाही. आजचे आमचे सगळे बोलणे या साध्या अपेक्षेभोवतीच फिरणार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लोकांची अशी समजूत असते, की देशाने जगातले सर्वांत उत्तम हेलिकॉप्टर शोधावे आणि तेच भरपूर घ्यावे. ही समजूत किती चुकीची, हे अर्धापूरच्या माणसाला आम्ही सांगावे असे नाही. आपली केळी उत्तरेच्या बाजारापर्यंत जाते. पण ती जाते कशी? बागेतून घड निघतो तो माणसाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर. कारण पाटाचे पाणी दिलेल्या ओल्या सरीत कोणतेही चाक चालत नाही. बांधापासून सडकेपर्यंत ट्रॅक्टर नाहीतर छोटा टेंपो. सडकेपासून पुढे मोठा ट्रक. एखाद्याने हौसेने मोठा ट्रक घेतला आणि तोच थेट बागेत घातला, तर ट्रक रुतेल, बाग मोडेल आणि घड जागेवरच पिकेल. दुसऱ्याने नुसतेच टेंपो घेतले, तर त्याला दिल्ली गाठेपर्यंत भाड्यातच मुद्दल संपवावे लागेल. तेव्हा प्रश्न उत्तम वाहन कोणते हा नव्हे. कोणत्या टप्प्याला कोणते आणि प्रत्येकी किती, हा आहे. सेनादलांचा हिशेबही असाच आहे. फक्त तेथे घड पिकत नाही, माणूस मरतो.

हेलिकॉप्टराला उंचीचे एवढे वावडे का, हे थोडक्यात सांगतो. त्याच्या डोक्यावरची पाती फिरतात आणि हवा खाली ढकलतात, त्या बळावर ते वर उचलले जाते. जितके वर जावे तितकी हवा विरळ. पात्यांना ढकलायला हवा कमी, आणि इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी. उन्हाने तापलेली हवासुद्धा विरळच असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर जातो, तेव्हा जे हेलिकॉप्टर हिवाळ्यात दहा माणसे नेईल, त्याला त्या दिवशी तितकी नेणे जड जाते. म्हणून कागदावर लिहिलेला बोजा आणि प्रत्यक्ष उचललेला बोजा यांत अंतर पडते. आपल्या देशात एकीकडे राजस्थानची वाळू, दुसरीकडे सियाचेनचे बर्फ आणि तिसरीकडे खारा समुद्र. या तिन्ही ठिकाणी सारखेच चांगले काम देणारे यंत्र अजून कोणी घडवलेले नाही.

मग आपल्याकडे आहे काय? तळापासून सुरुवात करू. अगदी हलक्या वर्गात चेतक आणि चीता ही दोन हेलिकॉप्टरे. दोन्हींचे मूळ फ्रेंच. चेतकाचा करार १९६२ मध्ये झाला आणि १९६५ पासून बंगळूरच्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने ते बनवायला घेतले. चीत्याची कथा तर ऐकण्यासारखी आहे. हिमालयात चालेल असे यंत्र आपल्या सेनेला हवे होते, म्हणून फ्रेंच कारागिरांनी एका जुन्या हलक्या हेलिकॉप्टराचा सांगाडा घेतला आणि त्यावर त्याच्या थोरल्या भावाचे दणकट इंजिन चढवले. १९६९ मध्ये ते प्रथम उडाले, आणि १९७२ मध्ये त्याने सुमारे साडेबारा किलोमीटर उंची गाठून जगाचा विक्रम केला. हलके अंग आणि मोठे काळीज, असा हा सौदा होता. १९८४ च्या एप्रिलात आपली सेना सियाचेनवर चढली, त्यानंतर तेथल्या ठाण्यांची नाळ या चीत्यानेच जोडून ठेवली. सर्वांत उंच ठाण्यांवर त्याला एका खेपेत रॉकेलचा एखाद-दुसरा डबा नेता येतो. ऐकायला किती क्षुल्लक वाटते! परंतु त्या डब्यावर त्या रात्रीची शेगडी पेटते, आणि परतीच्या खेपेला त्याच जागेवर हिमदंशाने पाय काळा पडलेला जवान असतो.

त्याच्या वरचा वर्ग साडेपाच टनांचा. तेथे आपल्याच कारागिरांनी घडवलेले ध्रुव आहे. ते १९९२ मध्ये प्रथम उडाले आणि २००२ पासून दलांत आले. त्यावरचा मधला वर्ग म्हणजे रशियन एमआय-१७, भरले म्हणजे तेरा टनांचे, चार टनांचा बोजा वाहणारे. आमच्या भाषेत बोलायचे तर हा आपल्या ताफ्यातला खरा हमाल. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरले ते याच जातीच्या हेलिकॉप्टरातून, हे आपण सर्वांनी टेलिव्हिजनवर पाहिले आहे. त्याहून मोठे ते अमेरिकन चिनूक. २०१९ पासून अशी पंधरा दाखल झाली, त्यांतली पहिली चंदिगडला. तोफ खाली टांगून डोंगरावर नेणे, हे त्यांचे काम. मग लढाऊ हेलिकॉप्टरे, ज्यांचे काम वाहणे नसून मारणे. आणि शेवटी नौदलाची. त्यांचे शास्त्रच वेगळे, कारण जहाजावरची जागा हातरुमालाएवढी. तेथे पाती मिटता आली पाहिजेत, मिठाने धातू सडता कामा नये आणि हलत्या डेकवर उतरता आले पाहिजे.

योग्य यंत्र योग्य कामाला लावले, तर काय होते? १९७१ च्या डिसेंबरात पूर्व बंगालमध्ये शत्रूने मेघना नदीवरचा पूल उडवून दिला. आता भारतीय सेना नदीकाठी अडकणार, असा त्यांचा होरा. जनरल सगतसिंग यांनी एमआय-४ या जुन्या वाहतुकी हेलिकॉप्टरांतून नदीपलीकडे पलटणी उतरवायला सुरुवात केली, आणि ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. यंत्र काही नवलाचे नव्हते. काम त्याच्या अंगाला शोभणारे होते, एवढेच.

आणि चुकीचे यंत्र लावावे लागले, तर? १९९९ च्या मे महिन्यात कारगिलमध्ये शत्रू डोंगरमाथ्यावर बसला होता. आपल्याकडे लढाऊ हेलिकॉप्टरे होती, रशियन बनावटीची आणि जबरदस्त. परंतु ती इतकी जड की त्या उंचीवर त्यांचे काही चालेना. तेव्हा वाहतुकीच्या एमआय-१७ वर रॉकेटे बांधून तीच हल्ल्याला पाठवली गेली. २८ मे रोजी तोलोलिंगवर त्यांतले एक खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले आणि आतले चारही जण गेले. त्या चौघांच्या शौर्यात कमतरता नव्हती. कमतरता होती ती ताफ्यात. हमालाच्या हाती तलवार देऊन त्याला पहिलवानाच्या अंगावर धाडावे लागले, कारण तेवढ्या उंचीवर उभा राहील असा पहिलवान आपण पाळलाच नव्हता.

त्या अनुभवातून 'प्रचंड' नावाचे हलके लढाऊ हेलिकॉप्टर आपण घडवले. गरज कळली १९९९ मध्ये. पहिले उड्डाण झाले २०१० मध्ये. ते दलात दाखल झाले २०२२ मध्ये, आणि १५६ नगांची मोठी मागणी नोंदवली गेली २०२५ च्या मार्चमध्ये. त्यांतली ९० भूसेनेला आणि ६६ हवाई दलाला. ज्याचे बाळ कारगिलच्या वर्षी जन्मले, त्याचे ते बाळ हे यंत्र दलात येईपर्यंत मिशा फुटून भरतीच्या रांगेत उभे राहिले, असा हा वेग.

आता आम्ही तुम्हांला आमच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, कारण त्याने काही परत येणार नाही. आम्ही तरुणपणी ज्या वर्कशॉपात काम शिकलो, तेथे ट्रकखाली लावायचा एक जॅक होता. चांगला दणकट, जुन्या काळचा. त्याने आमच्या उस्तादाच्या हाताखाली हजारो गाड्या उचलल्या होत्या. पुढे तो हळूहळू उतरू लागला. आम्ही निवेदन दिले. उत्तर आले की नव्या जॅकची किंमत मागवली आहे. पुन्हा निवेदन दिले. कळले की आलेल्या किमती रद्द करून नव्याने मागवल्या आहेत. तिसऱ्या निवेदनानंतर त्या जॅकला लाल रंग देण्यात आला. त्याच पावसाळ्यात आमच्या हाताखाली शिकणारा एक एकोणीस वर्षांचा पोरगा त्या लाल रंगाच्या जॅकखाली गेला. त्याच वर्षी मालकाने दर्शनी भागात काचेचे नवे ऑफिस बांधले होते. आम्ही युनियनच्या कामात पडलो, ते त्या दिवसापासून.

ही गोष्ट का सांगितली, ते आता ऐका. चेतक आणि चीता म्हातारे झाले, त्यांना बदलले पाहिजे, हे सरकारला फार पूर्वी कळले होते. १९७ हलकी हेलिकॉप्टरे घेण्याचे ठरले, परदेशी यंत्रांच्या चाचण्या झाल्या आणि २००७ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. २००८ मध्ये पुन्हा १९७ साठी निविदा निघाली. ती २०१४ मध्ये रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाशी २०० कामोव्ह हेलिकॉप्टरांविषयी करार झाला. ती आलीच नाहीत. आपल्या बंगळूरच्या कारागिरांनी तीन टनांचे स्वदेशी हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये उडवून दाखवले, परंतु त्यानंतर नऊ वर्षे उलटली तरी चीत्याची जागा घेण्याइतक्या संख्येने ते दलांत आलेले नव्हते. आणि २०२५ च्या ऑगस्टात संरक्षण खात्याने हलक्या हेलिकॉप्टरांसाठी पुन्हा चौकशी मागवली. किती? दोनशे! आम्ही हा आकडा वाचला, आणि आमच्या डोळ्यांपुढे तो लाल रंगाचा जॅक उभा राहिला.

या काळात मोठी आणि देखणी यंत्रे आली नाहीत, असे नाही. चिनूक आले, अपाची आले. ती नकोत असे आमचे म्हणणे नाही. तोफ डोंगरावर न्यायची तर चिनूकच हवे, तेथे दहा चीते मिळूनही काही करू शकणार नाहीत. परंतु मोठ्या यंत्राचा समारंभ होतो, फित कापली जाते, छायाचित्र छापून येते. रॉकेलचा डबा नेणाऱ्याचे छायाचित्र कोण छापतो? काचेचे ऑफिस दिसते, जॅक दिसत नाही. चीत्याला इंजिन एकच. ते दरीत बंद पडले तर दुसरे हात द्यायला नाही. २०१५ मध्ये सेनाधिकाऱ्यांच्या पत्नींनी त्या वेळचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांची भेट घेऊन ही जुनी यंत्रे काढून टाका, अशी मागणी केली होती. नवऱ्याच्या शौर्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या हाती दिलेल्या हत्याराविषयी. आम्ही आयुष्यात पुष्कळ निवेदने लिहिली, पण इतके न्याय्य निवेदन क्वचितच वाचले.

आता मेळ बसवण्यातली खरी अडचण सांगतो. किती जातींची यंत्रे ठेवावीत? प्रत्येक जातीला वेगळे सुटे भाग, वेगळी हत्यारे आणि वेगळे शिकवलेले कारागीर लागतात. ज्या वर्कशॉपात पाच कंपन्यांचे ट्रक, तेथे फिटरची अर्धी पाळी योग्य पाना शोधण्यात जाते. अपाचीचेच उदाहरण घ्या. हवाई दलाकडे २२, आणि भूसेनेने स्वतंत्रपणे घेतली सहा. सहा यंत्रांत दोन दुरुस्तीला असली आणि दोन शिकवणीला गुंतली, तर लढाईच्या दिवशी हाती किती उरली? हा हिशेब आमचा फिटरचा आहे, कोण्या सेनापतीचा नव्हे. परंतु वजाबाकी सर्वत्र सारखीच असते. हेलिकॉप्टरे कोणाच्या ताब्यात असावीत, यावरून दोन दलांत ओढाताण चाललेली असते. भूसेनेचे स्वतंत्र हवाई दल १९८६ मध्ये निघाले, तेव्हापासून ती आहेच. दोन युनियनच्या भांडणात कामगाराचा पगार लांबतो, हे आम्ही पाहिलेले आहे. येथे लांबते ते हत्यार.

मग एकच जात ठेवावी काय? तेही नाही. साऱ्या शिवारात केळीची एकच जात लावावी आणि रोग पडावा, म्हणजे काय होते, हे येथे बसलेल्यांना चांगले ठाऊक आहे. २०२५ च्या ५ जानेवारीला पोरबंदरला तटरक्षक दलाचे एक ध्रुव पडले आणि तीन जण गेले. दोष यंत्राच्या एका महत्त्वाच्या भागात असावा असे दिसताच सर्व दलांतील सुमारे ३३० ध्रुव हेलिकॉप्टरे एकदम जमिनीवर उभी करण्यात आली. तसे करणे योग्यच होते. परंतु भूसेनेची आणि हवाई दलाची पुन्हा उडू लागेपर्यंत काही महिने गेले, आणि समुद्रावरच्यांना त्याहूनही थांबावे लागले. त्या महिन्यांत भार कोणावर पडला? त्याच म्हाताऱ्या चेतक-चीत्यांवर आणि एमआय-१७ वर. म्हणजे एकाच यंत्रावर सगळे ओझे टाकणे धोक्याचे, आणि एकाच देशावर टाकणे त्याहून धोक्याचे. १९९८ मध्ये आपण पोखरणला अणुचाचण्या केल्या, अमेरिकेने निर्बंध घातले, आणि नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. यंत्र आपले, पैसे आपले, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

समुद्राचा विषय निघालाच आहे, तर आमच्या कामगार बांधवांची एक आठवण करू द्या. २०२१ च्या १७ मे रोजी तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी, पोटासाठी देशभरातून आलेली. त्यांतली १८६ वाचली, बाकीची घरी परतली नाहीत. येथे आम्ही खोटे बोलणार नाही. त्या भयंकर रात्री बहुतेकांना लाटांतून उचलले ते नौदलाच्या जहाजांनी. तसल्या वाऱ्यात आणि काळोखात हेलिकॉप्टरही हतबल होते. परंतु उजाडल्यावर हेलिकॉप्टरे निघाली. भरकटलेल्या दुसऱ्या एका बार्जवरील १३७ माणसे सुखरूप निघाली, त्यांत हेलिकॉप्टरांचा मोठा हात होता. म्हणून ताफा ठरवताना केवळ शत्रू मोजून चालत नाही. पूर, वादळ आणि भूकंप हेही मोजावे लागतात. कारण युद्ध कधीतरी येते, पूर दरसाल येतो.

तेव्हा मेळ कसा साधावा? आमच्या अडाणी बुद्धीला तीन कसोट्या दिसतात. बोजा किती, उंची किती आणि दुरुस्ती कोण करणार. पहिल्या दोन कसोट्या जाहिरातीच्या कागदावर लावू नयेत, सर्वांत वाईट जागी आणि सर्वांत वाईट दिवशी लावाव्यात. तिसरीचे उत्तर होता होईल तो आपल्याच देशातले असावे. प्रत्येक वर्गात एकच मुख्य यंत्र भरपूर संख्येने असावे, आणि त्याच्या पाठीशी ते बंद पडले तर काम निभावेल असे दुसरे. कारखान्याला मागणी द्यायची ती एकदम आणि मग दहा वर्षे काहीच नाही, अशी देऊ नये. ती सलग द्यावी. कारागिराचा हात रोजच्या कामाने बसतो, बसून राहिल्याने मोडतो. उंचावरचा थोडासा बोजा नेणारी, आत माणूस नसलेली यंत्रेही आता आली आहेत. रॉकेलचा डबा जर अशा यंत्राने जात असेल, तर तेथे माणसाचा जीव पणाला लावू नये. परंतु परतीच्या वाटेवरच्या त्या जखमी जवानाला मात्र माणसाचाच हात लागेल, हे विसरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, खरेदी तळापासून सुरू करावी. जे यंत्र रोज उडते, सर्वांत वर चढते आणि सर्वांत जुने झाले आहे, ते आधी बदलावे. मोठ्या यंत्रांचे समारंभ त्यानंतर सावकाश करावेत. आम्हांला हार घालायला बोलावले, तर आम्हीही येऊ.

शेवटी एकच सांगतो. आम्ही ज्या कामगारांत आयुष्य घालवले, त्यांना हत्यार वाईट मिळाले तर ते हत्यार खाली ठेवतात, गेटवर येतात आणि घोषणा देतात. सैनिकाला तसे करता येत नाही. १९५० च्या सेना कायद्याने त्याला युनियन काढण्याची मोकळीक ठेवलेली नाही, आणि त्यात शहाणपण आहे हेही आम्ही मानतो. परंतु त्याचा अर्थ असा होत नाही, की त्याची तक्रारच नाही. त्याला जे बोलता येत नाही, ते बोलण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे. तुमच्या गावातली पोरे पहाटे या नांदेडच्या सडकेवर भरतीसाठी धावताना आम्ही येताना पाहिली. त्यांतले कोणी एके दिवशी बर्फातल्या ठाण्यावर आजारी पडून हेलिकॉप्टराची वाट पाहील. ते यंत्र कोणते येणार, हे त्या दिवशी ठरणार नाही. ते आज ठरते आहे, आणि आपण विचारले नाही तर आपल्यावाचून ठरते आहे. उद्या खासदार मते मागायला येतील, तेव्हा पाण्याचे विचारा, रस्त्याचे विचारा, केळीच्या भावाचेही विचारा. आणि त्याबरोबर एवढे विचारा, "साहेब, त्या चीत्याच्या जागी काय आले?"